चारचौघींत न सांगितलेले दुखणे

(मंडळाच्या वर्धापनदिनाच्या समारंभात एका सभासद भगिनीने केलेले भाषण)



मी काही वक्ती नव्हे. माझे शिक्षण इयत्ता सातवीपर्यंत झाले आणि पुढची सगळी वर्षे चूल, मुले व आल्यागेल्याचे करण्यात गेली. मंडळात मी आजवर फार तर उखाणा घेतला आहे, नाहीतर दिवाळीच्या आधी चकलीची भाजणी कशी करावी ते सांगितले आहे. म्हणून चिटणीसबाई मला म्हणाल्या, "यंदा तुम्हीही चार शब्द बोला," तेव्हा त्यांना वाटले असेल की मी लोणच्या-पापडांवर बोलेन. मी विषय सांगितला तशा त्या क्षणभर गप्प बसल्या. मग म्हणाल्या, "बोला. कुणीतरी बोलायलाच हवे आहे."

विषय आहे लघवीच्या दुखण्याचा. आपण ज्याला उन्हाळी लागणे म्हणतो, ते. मागच्या रांगेत दोघीतिघींनी पदर तोंडाला लावला तो मला दिसला. लावा हो, मीही पूर्वी तसाच लावला असता. परंतु हसून झाले की मात्र ऐका, कारण हे दुखणे मला तीन वर्षे होते आणि त्यातली बरीचशी वर्षे मी लाजेपायी फुकट घालविली.

मला पहिल्यांदा त्रास झाला तेव्हा मी चाळिशीच्या आसपास होते. लघवीला जळजळ, घटकेघटकेला जावेसे वाटणे, गेले तर चार थेंब, ओटीपोटात कळ. मी कुणाला सांगितले नाही. धने-जिऱ्याचे पाणी घेतले, शहाळे प्याले, दोन दिवसांनी बरे वाटले. महिन्या-दीड महिन्याने पुन्हा तेच. मग मी औषधाच्या दुकानात मुलाला चिठ्ठी देऊन पाठवू लागले. दुकानदार गोळ्या देई. पाच दिवसांच्या असत, पण दोन दिवसांत बरे वाटले की उरलेल्या मी मसाल्याच्या डब्यामागे ठेवून देई. पुढच्या वेळी त्याच घ्यायच्या. काटकसर केली असे मला वाटे! वर्षात पाच वेळा हे असे झाले.

यात आपल्या सवयीही भर घालतात, ते सांगितल्याशिवाय राहवत नाही. लग्न होऊन आले तेव्हा आमच्या वाड्यात संडास परसात, विहिरीच्या पलीकडे. दिवसा पुरुषमाणसे अंगणात बसलेली, त्यांच्या देखत तांब्या घेऊन कसे जायचे? म्हणून धरून ठेवायचे. आता घरात सगळी सोय झाली, पण सवय गेली नाही. प्रवासाला निघायचे तर आदल्या रात्रीपासून पाणी बंद. लग्नकार्यात नऊवारी नेसली की संध्याकाळपर्यंत जायचे नाव नाही.

असेच एका लग्नात घडले. २०२२ चा मे महिना, पुतणीचे लग्न. मी मानाची काकू, पहाटे चारपासून उभी. दिवसभरात दोन पेले पाणी प्याले असेन, आणि रात्री पाठवणी होईपर्यंत एकदाच जाऊन आले. त्या रात्री मला हुडहुडी भरून ताप आला. तीन रग घातले तरी दात वाजत होते. पाठीत डाव्या बाजूला अशी कळ, की बाळंतपणाची आठवण झाली. आमचे हे घाबरले, पहाटेच दवाखान्यात नेले. जंतू मूत्राशयातून वर चढून मूत्रपिंडापर्यंत गेले होते. सहा दिवस सलाईन लावून मी पडून होते आणि लग्नघरचा सगळा आनंद माझ्यामुळे नासला.

तिथल्या डॉक्टरीणबाईंनी लघवी तपासायला पाठविली. त्याला कल्चर म्हणतात. जंतू वाढवून कोणते औषध त्यांना मारते ते पाहतात. अहवाल आला त्यात औषधांच्या नावांची लांबलचक यादी होती, आणि निम्म्याहून अधिक नावांपुढे 'लागू पडत नाही' अशी खूण होती. मी दुकानातून आणून अर्धवट घेत होते ते औषध त्या यादीत अगदी वर होते. डॉक्टरीणबाई रागावल्या नाहीत. एवढेच म्हणाल्या, "बाई, अर्धे जंतू मारून उरलेल्यांना तुम्ही तालीम दिलीत."

मग त्यांनी मला नीट समजावून सांगितले. पुरुषाची मूत्रनलिका सुमारे वीस सेंटीमीटर लांब, बाईची जेमतेम चार. म्हणजे दोन बोटे. आतड्यातले जंतू तेवढे अंतर सहज चढतात. म्हणून हे दुखणे बायकांनाच अधिक होते. यात बाईची काही चूक नाही, अस्वच्छपणा नाही, वागणुकीचा तर प्रश्नच नाही. हे ऐकून माझ्या डोळ्यांत पाणी आले. कारण भगिनींनो, खरे सांगते, आपल्याला काहीतरी लाजिरवाणे झाले आहे असेच मी इतके दिवस मनात धरले होते.

ताप गेला, परंतु दुखणे पुढेही येतच राहिले. सहा महिन्यांत दोन वेळा किंवा वर्षात तीन वेळा झाले तर ते वारंवारचे धरतात. तसे झाले की पुष्कळदा कमी मात्रेचे प्रतिजैविक औषध महिनोन् महिने रोज घ्यायला देतात. माझ्या जंतूंना आधीच तालीम मिळालेली, म्हणून डॉक्टरीणबाईंनी दुसरी वाट धरली. त्यांनी लिहून दिले त्या औषधाचे नाव मेथेनामाइन हिप्पुरेट. एक ग्रॅमची गोळी, सकाळी एक व रात्री एक, जेवणानंतर. दुकानदाराकडे ते नव्हते, त्याने मागवून दिले.

हे औषध काही नवे नाही. मूळचे मेथेनामाइन बुटलेरोव नावाच्या रशियन शास्त्रज्ञाने १८५९ साली प्रथम तयार केले, आणि १८९५ च्या सुमारास जर्मनीतील डॉक्टर आर्थर निकोलायर यांनी ते लघवीच्या रोगांवर वापरायला सुरुवात केली. धनुर्वाताचा जंतू मातीत असतो हे १८८४ साली दाखविणारे तेच. माझ्या भाच्याने मला हे वाचून दाखविले, आणि पुढचेही वाचले, की हे डॉक्टर ज्यू होते व १९४२ साली छावणीत पाठविण्याचा हुकूम येताच त्यांनी बर्लिनमध्ये स्वतःचा जीव दिला. त्या दिवशी गोळी घेताना माझा हात थबकला. ज्या माणसाला त्याच्याच देशाने असे वागविले, त्याचे काम इतक्या वर्षांनी माझ्यासारख्या एका बाईच्या उपयोगी पडत होते.

आता हे औषध काम कसे करते ते ऐका, कारण माझ्या गोष्टीचे मर्म तिथेच आहे. ही गोळी स्वतः जंतू मारीत नाही. ती रक्तातून तशीच्या तशी मूत्रपिंडात जाते व लघवीत उतरते. तिथे लघवी आंबट असेल तरच तिची फोड होते आणि तिच्यातून फॉर्मल्डिहाइड नावाचा पदार्थ सुटतो. तो जंतूंना मारतो. जंतू जसे इतर औषधांना सरावतात तसे याला सरावल्याचे आढळलेले नाही. आपण दुधात लिंबू पिळले तरच पनीर होते, पाणी घातले तर होत नाही. तसेच हे. आंबटपणा नाही तर गोळी आली तशी निघून जाते.

फॉर्मल्डिहाइडचे नाव भाच्याने ऐकले मात्र, तो ओरडला, "मामी, बेडूक बाटलीत ठेवतात ते फॉर्मेलिन याचेच!" झाले. मी दोन दिवस गोळीला हात लावला नाही. शेवटी डॉक्टरीणबाईंना फोन करून विचारले. त्या हसल्या. म्हणाल्या, "तुमचे रक्त आंबट नसते, म्हणून रक्तात त्याची फोड होत नाही. जे काही सुटते ते मूत्राशयात, आणि तेही थोडे." मी पुन्हा गोळ्या सुरू केल्या.

आणि तिसऱ्या महिन्यात मला पुन्हा उन्हाळी लागली.

माझा धीर सुटला. एवढे पैसे, एवढा नेम, आणि फळ काय? मी यांना म्हणाले, "हे औषध कुचकामी आहे, मी बंद करते." मंडळाच्या भिशीला आले तेव्हा शेजारच्या एका बाईंनाही हेच त्रास आहे असे कळले होते, त्यांनाही सांगणार होते की त्या वाटेला जाऊ नका. पण आमच्या यांनी आग्रह केला, "निदान एकदा जाऊन विचार तरी."

डॉक्टरीणबाईंनी एकच प्रश्न विचारला. "या गोळ्यांबरोबर आणखी काय काय घेता?" मी म्हटले, "काही नाही." त्या म्हणाल्या, "आठवून सांगा. घरगुतीसुद्धा." मी खाली मान घातली. मग सांगितले. जरा जळजळ वाटली की मी लगेच पाण्यात चमचाभर खायचा सोडा टाकून पीत असे. सासूबाईंनीच तो उपाय मला शिकविला होता. शिवाय दुकानदाराने पूर्वी दिलेले जळजळीवरचे गोड औषध होते, त्याचे दोन चमचेही दिवसातून दोनदा चालू होते. डॉक्टरांच्या औषधांना आपले घरगुती काय बाधणार, असा माझा समज. आणि सासूबाईंचा उपाय डॉक्टरांपुढे सांगायचा म्हणजे त्यांचा अपमान, असेही वाटले.

डॉक्टरीणबाईंनी कपाळाला हात लावला. सोडा काय, ते गोड औषध काय, दोन्ही लघवीचा आंबटपणा घालवितात. त्याने जळजळ जरा शमते खरी, पण माझी गोळी आंबटपणावर चालणारी! म्हणजे एका हाताने मी दिवा लावीत होते आणि दुसऱ्या हाताने फुंकर घालीत होते. औषध कुचकामी नव्हते. माझ्या न सांगण्याने त्याला कुचकामी केले होते.

आणखीही एक घोटाळा मी केला होता. गोळीची फोड व्हायला लघवी मूत्राशयात थोडा वेळ राहावी लागते, असे मी ऐकले होते. त्यावरून मी मनाशी ठरविले की तेव्हा धरून ठेवलेलेच बरे! डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "अहो, दोन-तीन तासांनी माणूस जातोच, तेवढा वेळ पुष्कळ झाला. धरून ठेवू नका."

घरी येऊन मी सोड्याचा डबा फक्त ढोकळ्यासाठी ठेवला आणि ते गोड औषध बंद केले. त्या वेळच्या दुखण्यावर कल्चर पाहून प्रतिजैविक औषध घेतले, शेवटच्या गोळीपर्यंत. कारण हेही लक्षात ठेवा: मेथेनामाइन हे दुखणे येऊ नये म्हणून आहे, आलेले दुखणे बरे करण्यासाठी नाही. ते बरे करून मग पुन्हा गोळ्या चालू केल्या. त्यानंतरच्या वर्षभरात मला एकदाच त्रास झाला. वर्षाने डॉक्टरीणबाईंनी गोळ्या थांबवून पाहिल्या, आणि मी आज तुमच्यापुढे उभी आहे.

माझ्या एकटीच्या अनुभवावर विश्वास ठेवा असे मी म्हणत नाही. ब्रिटनमध्ये हे दुखणे वारंवार होणाऱ्या २४० बायकांवर याची पाहणी झाली व ती २०२२ साली 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्ये छापून आली. काही जणींना वर्षभर रोज कमी मात्रेचे प्रतिजैविक दिले, काहींना मेथेनामाइन हिप्पुरेट. शंभर बायकांमागे वर्षात प्रतिजैविकवाल्यांना ८९ वेळा दुखणे झाले, मेथेनामाइनवाल्यांना १३८ वेळा. म्हणजे प्रतिजैविक थोडे सरस ठरले. परंतु दर बाईमागे वर्षात एका दुखण्याहून कमी फरक पडला तर मेथेनामाइन त्याच्या बरोबरीचे धरायचे, असे त्यांनी आधीच ठरविले होते, आणि फरक निम्म्याच्या आसपास निघाला. रोज प्रतिजैविक न घेता एवढे साधते, हे मला मोठे वाटते.

तरीपण माझ्या बोलण्यावरून कुणी उठून दुकानात चिठ्ठी पाठवू नये. तेच तर मी चुकले होते. ज्यांचे मूत्रपिंड बिघडले आहे किंवा यकृताचा मोठा आजार आहे त्यांना हे औषध चालत नाही. सल्फा जातीच्या औषधांबरोबर ते घ्यायचे नाही, दोन्ही मिळून लघवीत खडे धरतात. काहींना मळमळते, अंगावर पुरळ येते. गरोदर असाल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय कोणतेच औषध घेऊ नये. आणि थंडी वाजून ताप आला, पाठीत कळ आली, लघवीतून रक्त गेले, तर घरगुती काही करीत बसू नका. त्याच दिवशी दवाखाना गाठा.

औषधाआधीचा उपाय पाण्याचा. २०१८ साली छापलेल्या एका पाहणीत १४० बायका होत्या. हे दुखणे वारंवार होणाऱ्या आणि दिवसाला दीड लिटरहून कमी पाणी पिणाऱ्या. त्यांतल्या निम्म्या जणींना रोज दीड लिटर पाणी जास्त प्यायला दिले. वर्षभरात त्यांना सरासरी १.७ वेळा दुखणे झाले, आणि बाकीच्यांना ३.२ वेळा. पाण्याला पैसे पडत नाहीत. हृदयाचा वा मूत्रपिंडाचा आजार असलेल्यांनी तेवढे डॉक्टरांना विचारून प्यावे.

आता शेवटचे. हे सगळे झाल्यावर एक दिवस दुपारी निवडण करताना मी सासूबाईंना सोड्याची गोष्ट सांगितली. मला वाटले, त्या रागावतील. त्या बराच वेळ तांदळातले खडे वेचीत राहिल्या. मग म्हणाल्या, "मला बारा वर्षे होते ते. तुझ्या सासऱ्यांनाही ठाऊक नाही. माझ्या आईने सोडा सांगितला, मी तुला सांगितला. आणखी काय होते आमच्याजवळ?" एका घरात, एका चुलीपुढे आम्ही वीस वर्षे बसलो, दोघींना एकच दुखणे, आणि दोघींनी ते एकमेकींपासून लपविले. त्यांना अजूनही अधूनमधून त्रास होत होता. मी त्यांना डॉक्टरीणबाईंकडे घेऊन गेले. पाळी गेल्यावर तिथली त्वचा कोरडी व नाजूक होते, त्यानेही हे दुखणे वारंवार होते. त्यावर आतून लावण्याचे एक मलम मिळते, ते त्यांना दिले. पंचाहत्तराव्या वर्षी त्यांना या त्रासातून उसंत मिळाली.

आणि त्याच आठवड्यात मी लेकीचे दप्तर आवरीत होते. पाण्याची बाटली सकाळी भरून दिलेली, तशीच परत. विचारले तर म्हणाली, "आई, शाळेतला संडास घाण असतो, म्हणून मी पाणीच पीत नाही." माझ्या काळजात चर्र झाले. आईचे सासूबाईंना, सासूबाईंचे मला, आणि आता माझे हिला? मी दुसऱ्या दिवशी शाळेत गेले. आणखी चार आयांना बरोबर घेतले. पालकसभेत मी तोंडाने म्हटले, की मुलींच्या संडासाला कडी नाही आणि पाणी नाही. मला घाम फुटला होता. पण महिन्याभरात कडी बसली व नळाला पाणी आले.

म्हणून मंडळापुढे माझ्या दोन लहानशा सूचना आहेत. मंडळाची सहल काढताना देवळांची यादी करतो, तशी वाटेत बायकांसाठी स्वच्छ सोय कुठे आहे याचीही यादी करावी, आणि तिथे गाडी थांबवावी. दुसरी, वर्षातून एकदा एखाद्या डॉक्टरीणबाईंना बोलावून बायकांच्या दुखण्यांवर मोकळेपणी बोलणे ठेवावे. प्रश्न चिठ्ठीवर नाव न घालता विचारले तरी चालतील.

मागच्या रांगेतल्या ज्या भगिनींनी मघाशी तोंडाला पदर लावला होता, त्यांतल्या एकीने तरी आज घरी जाऊन आपले दुखणे कुणाला सांगितले, तर माझे बोलणे कारणी लागले असे मी समजेन. काही अधिकउणे बोलले असेन तर आपण मोठ्या मनाने क्षमा करालच. एवढे बोलून मी माझे चार शब्द संपविते.